काच दळण्याच्या गिरणीसाठी आवाहन

सर्व सभासद, ग्रामस्थ, माहेरवाशिणी आणि मुंबई-पुण्याचे चाकरमानी यांस सप्रेम नमस्कार.

खालच्या आळीतल्या पोराच्या टाचेत बाटलीची काच घुसली, पाच टाके पडले, तेव्हापासून आपली मंडळी दर रविवारी ओहोटी बघून किनाऱ्यावर उतरतात. भंगारवाला अख्खी बाटली नेतो, फुटकी नेत नाही. हिरवी, तपकिरी, पांढरी एकत्र झालेली काच भट्टीवाल्यांनाही नको असते. ती बारीक फोडून वाळूऐवजी घालावी आणि पाखाडीसाठी, म्हणजे गावातल्या पायवाटेसाठी, पेव्हर ब्लॉक पाडावेत, ही कल्पना आपल्या कै. गुरुजींची. पोस्टातल्या काकांनी निवृत्तीच्या पैशांतून काच फोडायचा क्रशर घेऊन दिला. गिरणीवाल्या भाऊंनी जागा आणि वीज दिली, आजवर एक रुपया घेतला नाही. बचत गटाच्या वहिनींनी जुन्या ताडपत्रीच्या पिशव्या शिवल्या, त्या अजून फाटलेल्या नाहीत. शाळेसमोरचा पहिला ब्लॉक गुरुजींनी आजारपणात खुर्चीवर बसून स्वतःच्या हाताने लावला. हे ऋण मंडळ विसरणार नाही.

त्याच ब्लॉकना दोन पावसाळ्यांनंतर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा गेल्या. भेगांतून पांढरट चीक येत होता. लोक काय बोलले ते आम्ही ऐकले. कष्टात कसूर नव्हती, कमी होती ती माहितीची. अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या सरांनी ब्लॉक फोडून दाखवला. काचेत ७० टक्क्यांहून जास्त सिलिका, म्हणजे वाळूतलेच मूळ द्रव्य. जाड तुकड्यांतल्या सिलिकेची सिमेंटमधल्या अल्कलीशी (क्षाराशी) क्रिया होऊन हा चीक तयार होतो, तो पाणी पिऊन फुगतो आणि ब्लॉक आतून फोडतो. तीच काच ७५ मायक्रॉनच्या चाळणीतून उतरेल इतकी, मैद्यासारखी, दळली तर उलट सिमेंटमधल्या चुन्याशी मिळून ती स्वतःच घट्ट धरते. सिमेंटचा पाचवा हिस्सा वाचतो. सरांनी तशी पूड करून दिली, आपण सहा ठोकळे पाडले, २८ दिवसांनी यंत्राखाली दाबले. पायवाटेला लागणाऱ्या एम-३० या मजबुतीच्या प्रतीत सहाही उतरले.

क्रशर नुसता फोडतो, म्हणून आता दळणारी बॉल मिल (आत गोळे घालून फिरवायचे पिंप) हवी. गेल्या गणपतीत याच कामाचे पत्रक घरोघर दिले होते. सव्वातीनशे घरांतून अकरा पावत्या फाटल्या. मनाला लागले, ते लपवत नाही. काच आपल्याच वाळूत आहे आणि पाय आपल्याच पोरांचे आहेत.

मिल, मोटर, चाळण्या, धुळीचे मुखवटे मिळून खर्च २,८५,००० रु., जमा १,१०,०००, कमी १,७५,०००. शिमग्याला गावी याल तेव्हा रक्कम आणावी, कारण ब्लॉक पाडून, पाणी मारून पाखाडी मिरगाआधी बसायला हवी. रोख खजिनदारांकडे किंवा धनादेश मंडळाच्या नावे, पावती मागून घ्यावी. रविवारी येणाऱ्यांनी हातमोजे आणि जाड तळव्याची पादत्राणे घालावीत. घरच्या बाटल्या धुऊन, झाकण-लेबल काढून द्याव्यात (सरबताची साखर राहिली तर सिमेंट धरत नाही). ट्यूबलाइट, बल्ब, आरसे, कपबशा देऊ नयेत.

आपला नम्र,
चिटणीस