चेंगराचेंगरी नव्हे, स्टँपीड!

महोदय,

कालच्या रविवार पुरवणीतला कॅनडावरचा लेख वाचला. 'कॅलगरीचा चेंगराचेंगरी महोत्सव' असं शीर्षक ज्यांनी दिलं त्यांना माझा साष्टांग नमस्कार. सकाळी सात वाजता सांगलीहून मेहुणीचा फोन, "दाजी, पोरगं सुखरूप आहे ना?" तिने शीर्षक तेवढं वाचलं होतं. माझा मुलगा तिथे असतो, जिवाचा थरकाप झाला बिचारीच्या. स्टँपीड म्हणजे गुरं उधळणं, हे कबूल. पण ते तिथल्या गुराख्यांच्या खेळांच्या सणाचं नाव आहे, ते तसंच ठेवायचं असतं. उद्या तिकडच्या एखाद्या पत्राने आपला पोळा म्हणजे मधमाश्यांचं पोळं असं छापलं तर चालेल का?

असो. शीर्षकाची एक वेळ गंमत म्हणून सोडून देतो. पण 'ओसाड माळरानावर पहिलं पाऊल ठेवणाऱ्या धाडसी वसाहतकऱ्यांनी सुरू केलेला उत्सव' हे वाक्य घशाखाली उतरेना. १९१२ मध्ये तो भरवला गाय वीडिकने. हा न्यूयॉर्क राज्यात जन्मलेला, दोराचे खेळ करून दाखवणारा रंगमंचावरचा माणूस. चार धनिकांनी एक लाख डॉलरची हमी घेतली तेव्हा कुठे ते जमलं. मोकळ्या कुरणांचे दिवस तोवर सरत आले होते. १९०६-०७च्या हिवाळ्यात हजारोंनी गुरं मेली, उरलेल्या माळाला शेतकऱ्यांची कुंपणं पडत गेली. जे जगणं आटोपत आलं त्याचा हा देखावा होता. दरवर्षीचा उत्सव झाला तो १९२३ पासून, जुन्या शेतकी प्रदर्शनात मिसळल्यावर.

आणि माळ ओसाड होता, तर १८७७ मध्ये सरकारने तिथल्या जमिनीसाठी सातव्या क्रमांकाचा करार केला कोणाशी? गवताशी?

पहिल्याच वर्षी खोगीर घातलेल्या बेफाम घोड्यावर बसण्याची शर्यत जिंकली ती तिथल्या मूळ रहिवाशांपैकी कायनाय जमातीच्या टॉम थ्री पर्सन्सने. घोड्याचं नाव सायक्लोन, भल्याभल्यांना मातीत लोळवलेला. दोन पानी लेखात टॉमला एक ओळ मिळाली नाही. मिळाला काय, तर 'रेड इंडियन' हा शब्द, तोही तीनदा!

२०१९ च्या जुलैत आम्ही दोघं मुलाकडे होतो. सकाळी एका वाहनतळावर फुकटचे पॅनकेक खाल्ले (रांग शिस्तीची, पॅनकेक गोडमिट्ट), डोक्यावर पांढरी टोपी चढवून फोटो काढले आणि दुपारी एल्बो नदीकाठच्या मूळ रहिवाशांच्या छावणीत गेलो. पूर्वी तिला 'इंडियन व्हिलेज' म्हणत, २०१८ पासून नाव बदललं. आपल्या लेखकांपर्यंत ते पोचलेलं दिसत नाही. एका तंबूबाहेर माझ्या वयाच्या बाई बॅनक तळत होत्या. मैद्याची जाड पुरी म्हणा ना. मी आपला विचारलं, तुमचे लोक इथे कधीपासून येतात? त्या झारा न थांबवता म्हणाल्या, पहिल्या वर्षापासून; पण माझ्या आजीला सरकारने नेमून दिलेल्या वस्तीबाहेर पाऊल टाकायला सरकारी एजंटाची चिठ्ठी लागायची. पारंपरिक पोशाख घालून बाहेर नाचायचं तर १९१४ नंतर कायद्याने परवानगी लागे. म्हणून या मेळ्याचं त्यांना अप्रूप. वीडिकने पहिल्या वर्षी सरकारदरबारी खटपट करून त्यांना येऊ दिलं, हे श्रेय त्याला द्यायलाच हवं.

मी सोलापूरचा. इंग्रजांनी 'गुन्हेगार' ठरवलेल्या जमातींना जिथे डांबलं त्या सेटलमेंटचं तारेचं कुंपण आणि हजेरी या गोष्टी वडिलांकडून ऐकलेल्या. ती चिठ्ठी काय चीज असते हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. सौ. मात्र तिथेच बाईंना पुरीत ओवा घालून बघा म्हणून सांगत बसली.

तेव्हा कृपया दुरुस्ती छापावी, आणि ती शेवटच्या पानावर 'हरवले आहेत'च्या खाली नको.

जाता जाता, शब्दकोड्याचे चौकोन इतके बारीक केलेत की त्यात पेन्शनर माणसाचं पेनाचं टोक मावत नाही. शिवाय गेल्या रविवारचं उत्तर अजून आलेलं नाही. माझा आडवा १४ तसाच अडलाय.

आपला,
एक जुना वर्गणीदार, सोलापूर