अजेनोरचीही दखल घ्या

संपादक, स. न.

टेनिसपटू नाओमी ओसाकाचे वडील हैतीचे, हे एव्हाना सर्वांना ठाऊक झाले आहे. पण तिच्या जन्माआधीच हैतीचे नाव टेनिसमध्ये गाजवणारा रोनाल्ड अजेनोर आपल्या क्रीडा पानांवर सहसा सापडत नाही. जन्म १९६४ चा, तोही मोरोक्कोतल्या रबातचा. पुढे मुक्काम फ्रान्समधल्या बोर्दोत. मे १९८९ मध्ये तो जागतिक क्रमवारीत २२ वा होता. त्याच वर्षी फ्रेंच ओपनच्या उपांत्यपूर्व फेरीत मायकेल चँगने त्याला चार सेटमध्ये हरवले. आधीच्या फेरीत अव्वल खेळाडू इव्हान लेंडलला अंडरआर्म (हात खालून फिरवून केलेली) सर्व्हिस टाकून चकवणारा हा १७ वर्षांचा चँग विजेता ठरला आणि लोकांच्या लक्षात तोच राहिला. साहजिकच आहे म्हणा!

मला मात्र अजेनोरची १९९४ च्या फ्रेंच ओपनमधली लढत जास्त भावते. डेव्हिड प्रिनोसिलविरुद्ध पहिले दोन्ही सेट त्याने टायब्रेकरमध्ये (६-६ बरोबरीनंतरच्या निर्णायक गेममध्ये) गमावले. पुढचे दोन त्याने घेतले आणि पाचवा १४-१२ असा खेचून आणला. एकूण ७१ गेम! क्रिकेटच्या गर्दीतून जागा निघालीच, तर त्याच्यावर एखादा सविस्तर लेख जरूर छापावा.

– एक टेनिसप्रेमी वाचक, सांगली