काटा मधोमध आला : फाट्यावरच्या ऑटो इलेक्ट्रिशियन काकांना पत्र

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

ज्येष्ठातल्या एका संध्याकाळी, भर पावसात, कासेगावजवळच्या फाट्यावर हिरवी बुलेट ढकलत तुमच्या दुकानापर्यंत आलेला मुलगा तुम्हाला आठवत असेल. तो मी. त्या दिवशी अंधार पडत होता, कोल्हापूर गाठायचं होतं, त्यामुळे तुमचे आभार नीट मानायचे राहूनच गेले.

ती गाडी माझ्या वडिलांची, आप्पांची. १९९४ची, ओतीव लोखंडी इंजिनाची. बुलेटची किक ताकदीने मारायची नसते, हे त्यांनी मला शाळेत असतानाच शिकवलं. चावी फिरवायची, डीकॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमधला दाब सोडणारा, खटका दाबून किक हळूहळू खाली न्यायची. ॲमीटरचा, म्हणजे बॅटरीत वीज भरतेय की खर्च होतेय ते दाखवणाऱ्या मीटरचा, काटा मायनसकडे झुकून परत मधोमध आला की थांबायचं, खटका सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग एकदाच, पूर्ण पाय देऊन मारायची. आप्पांची गाडी अशी एका किकेत सुरू व्हायची.

गेल्या वर्षभरात त्या एका किकेच्या दहा-बारा झाल्या. काटा नीट हलेनासा झाला, हॉर्नचा आवाज बसला. आप्पा एकोणसत्तर वर्षांचे आहेत. “गाडीला काही झालेलं नाही, माझाच गुडघा गेलाय,” म्हणायला लागले आणि घरात गाडी विकायची भाषा सुरू झाली. आम्ही प्रयत्न कमी केले नव्हते. वर्षात दोन नव्या बॅटऱ्या टाकल्या, बॅटरीकडे जाणारी वीज बेताने सोडणारा रेक्टिफायरही एकदा बदलला. एका गॅरेजात तर चार्जिंग होतंय का हे बघायला चालू गाडीची बॅटरी सोडली आणि हेडलाइट, टेल लॅम्प दोन्ही एकदम उडाले. शेवटी सगळ्यांनी एकच सांगितलं : इंजिनावर वीज तयार करणाऱ्या मॅग्नेटोची कॉइल गेली, कव्हर खोलून नवी टाकावी लागेल.

तुम्ही मात्र पान्याला हात लावण्याआधी विचारलंत, “रंग कधी दिला गाडीला?”

मागच्या दिवाळीला, म्हणालो. प्रश्नाचा रोख मला कळलाच नाही.

मग तुमचा मल्टिमीटर निघाला, डिस्प्लेवर सेलोटेप लावलेला. गाडी बंद असताना बॅटरी ११.९ व्होल्ट. तुम्ही दुकानातली भरलेली बॅटरी जोडून दिलीत, गाडी सुरू झाली. रेस वाढवली तरी बॅटरीवर १२.२च्या वर आकडा जाईना. तेव्हा तुम्ही मॅग्नेटोकडून येणाऱ्या वायरींचा जोड, म्हणजे कपलर, सोडलात, मीटर एसीवर घेतलात आणि मला रेस द्यायला सांगितलीत. आकडा सरसर चढत चाळीसच्या पुढे गेला. गाडी बंद करून त्याच वायरी बॉडीशी तपासल्यात, कुठेही शॉर्ट नाही. “कॉइल ठणठणीत आहे, कव्हर खोलू नको,” म्हणालात. हजारोंचा खर्च त्या एका वाक्याने वाचला.

पुढचं मात्र मी आयुष्यभर विसरणार नाही. कपलर परत जोडून, रेसवर, तुम्ही रेक्टिफायरच्याच तोंडाशी मीटर लावलात : १४.४. लगेच बॅटरीवर : १२.२. मधले २.२ व्होल्ट कुठे गेले? मीटरची एक पिन रेक्टिफायरच्या आउटपुटवर आणि एक बॅटरीच्या प्लसवर ठेवलीत, १.४. मग एक रेक्टिफायरच्या बॉडीवर आणि एक बॅटरीच्या मायनसवर, ०.८. बेरीज बरोबर जुळली. “रेक्टिफायर आपल्यापाशी व्होल्टेज बघतो,” तुम्ही समजावलंत. “त्याला वाटतं पोट भरलं, म्हणून तो हात आखडतो. बॅटरी तिकडे उपाशीच.” इतकं सोपं करून मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

सीटखालचा कपलर उघडलात तर आतली पिन हिरवी पडून काळवंडलेली. अर्थिंगचा बोल्ट काढलात तेव्हा तुमच्या प्रश्नाचा अर्थ कळला. चेसिसला नवा रंग दिल्यावर अर्थिंगच्या वायरच्या टोकाचं कडं, म्हणजे थिंबल, रंगावरच आवळलं होतं. खाली नाण्याएवढी चकचकीत हिरवी गोल जागा, तिच्यावर बोल्टचे ओरखडे. तुम्ही पॉलिश पेपरने ती जागा घासत राहिलात, लोखंड पांढरं दिसेपर्यंत. नवं थिंबल डाग देऊन वायरला जोडलंत, बोल्ट आवळून वरून व्हॅसलीन चोपडलंत. रेक्टिफायरच्या बॉडीपासून थेट बॅटरीच्या मायनसला एक जाड वायर जादा टाकलीत. कपलरची पिन बदललीत. रेसवर आकडा १४.१. हेडलाइट लावूनही १३.६.

दीड तास तुम्ही पावसात एका पत्र्याखाली उभे होतात आणि मागितलेत शंभर रुपये. मी जास्त देऊ लागलो तर म्हणालात, “सामान काय लागलं? एक पिन, दोन थिंबलं, हातभर वायर.” काका, मला त्या दीड तासाचे आणि त्या मीटरच्या शिस्तीचे पैसे द्यायचे होते. आमच्याकडे वर्षभर सगळ्यांनी भाग बदलले, मोजलं एकट्या तुम्ही.

घरी आल्यावर आप्पांना मी काही सांगितलं नाही. सकाळी गाडी अंगणात काढून ठेवली आणि चावी त्यांच्या हातात दिली. त्यांनी सवयीने खटका दाबला, काटा झुकला, मधोमध आला. दुसऱ्या किकेला गाडी सुरू झाली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, गाडी तशीच चालू ठेवून बाजूला उभे राहिले. मग गुडघ्यावर हात ठेवून मला म्हणाले, “म्हणजे हा नव्हता तर.”

आता त्यांनी स्वतःचा मीटर घेतलाय. दर रविवारी रीडिंग घेऊन पंचांगाच्या कोऱ्या पानावर लिहितात. परवाचं बंद गाडीचं १२.७ होतं. विकायचा विषय घरात कुणी काढत नाही.

पावसाळा सरला की ते स्वतः गाडी चालवत तुमच्या फाट्यावर येणार आहेत. सोबत घरचा इंद्रायणी तांदूळ असेल, तो मात्र नाही म्हणू नका.

आपला,
हिरव्या बुलेटवाल्या मास्तरांचा मुलगा