भुलीआधी एक प्रश्न वाढवा

संपादक महोदय,

गेल्या महिन्यात माझ्या तेरा वर्षांच्या नातवाचं अपेंडिक्सचं ऑपरेशन कोल्हापुरातल्याच एका खाजगी दवाखान्यात झालं. ऑपरेशन उत्तम झालं, त्याबद्दल तक्रार नाही. पण ट्रॅमाडॉल हे वेदनाशामक देऊनही पोरगं रात्रभर तळमळत होतं आणि ड्युटीवरच्या सिस्टर म्हणाल्या, "लई लाडावलंय, आज्जी." पहाटे दुसरं औषध दिलं तेव्हा कुठं डोळा लागला. मग माझ्या मुलाला आठवलं, गाडीवरून पडून पाय मोडला होता तेव्हा त्यालाही याच औषधाचा काडीचा गुण आला नव्हता.

ट्रॅमाडॉलचा खरा जोर यकृतातल्या सीवायपी२डी६ या एन्झाइमनं त्याचं रूपांतर केल्यावर येतो. कोडीन या दुसऱ्या वेदनाशामकाचंही तसंच, त्याचं शरीरात मॉर्फिन होतं. हे एन्झाइम किती चालणार, ते आईबापांकडून आलेल्या जनुकांवर. काहींचं जवळजवळ बंदच असतं. काहींचं इतकं वेगवान, की नेहमीच्या डोसानंही श्वास मंदावतो. परदेशात टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर कोडीन दिलेली काही मुलं अशी दगावली. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०१३ मध्ये कडक इशारा दिला आणि २०१७ मध्ये १२ वर्षांखालच्या मुलांना वेदनेसाठी ही दोन्ही औषधं देऊच नयेत असं बजावलं.

जनुकांची चाचणी रक्तावर किंवा गालाच्या आतून काडी फिरवून होते, आणि जनुकं बदलत नसल्यानं ती पुन्हा करावी लागत नाही. तरी ऑपरेशनच्या प्रत्येक मुलाची ती कराच, असा माझा हट्ट नाही. पॅरासिटामॉलला या एन्झाइमची गरज लागत नाही, थेट मॉर्फिनलाही नाही. शिवाय नातवाला जनुकामुळंच गुण आला नाही, हे मी चाचणीविना कसं सांगू?

पण केसपेपरवर एक ओळ तरी वाढवा: घरात कुणाला कोणतं वेदनाशामक लागू पडलं नाही, कुणाला जास्तच गुंगी आली? आणि डिस्चार्ज कार्डावर औषधाचं नाव, डोस आणि गुण आला की नाही, हे वाचता येईल अशा अक्षरात लिहा. आमच्या कार्डावर नुसतं 'वेदनाशामक दिले' एवढंच आहे.

भुलीच्या डॉक्टरांनी ॲलर्जी, दमा, शेवटचं कधी खाल्लं, सगळं नीट विचारलं होतं. माझा मुलगा तिथंच शेजारी उभा होता.

– एक आजी, राजारामपुरी, कोल्हापूर