उशाशी ठेवलेली पोळी

ताई, नमस्कार.

तुमचं नाव लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण सोलापुरात जिल्हा बाल संरक्षण कक्षाच्या फायली काखेत मारून भर उन्हात आमच्या गल्लीत येणाऱ्या ताई कोण, ते तुम्हाला कळेलच.

२०२१ ला कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत हे गेले. तेरावं झालं आणि सासरचं दार बंद झालं. पोळी-भाजी केंद्राच्या मागच्या खोलीत मी पिठाच्या पोत्यांशेजारी झोपायचे, तिथं पोरं कुठं ठेवणार? बालकल्याण समितीपुढं उभी राहिले आणि दोघं बालगृहात गेले. थोरला नऊचा, धाकटा सहाचा.

एके ठिकाणी मला ऐकवलं होतं, "बाई, गरिबाची पोरं तिथंच बरी." मीही तेच धरून बसले होते. तुम्ही पहिल्याच गृहभेटीत सांगितलंत, २०१५ च्या बाल न्याय कायद्यात संस्था हा शेवटचा उपाय आहे. मग विचारलंत, पोरं घरी आणायला काय लागेल? हे मला तोवर कुणी विचारलंच नव्हतं. लागत होती एक खोली आणि भाड्याची सोय.

२०२३ ला पोरं आली. बालसंगोपन योजनेच्या अर्जाला घरासमोरचा फोटो लागतो, म्हणून पत्र्याच्या दारापुढं आम्हा तिघांना उभं केलंत. थोरल्याचा शर्ट आखूड झालेला, तो सारखा खाली ओढत होता. एका मुलाचे महिन्याला २२५० रुपये, दोघांचे ४५००. खोली टिकली ती त्यावर.

पण खरं सांगू? कागदं रडतखडत का होईना, झाली असती. पुढचे तीन महिने मात्र तुमच्याशिवाय निभले नसते.

धाकटा मला "मावशी" म्हणायचा. बालगृहात सांभाळणाऱ्या सगळ्या मावश्याच ना. "मावशी, लघवीला जाऊ?" स्वतःच्या घरात! जेवला की ताट घासून रांगेत उभा राहायचा. रांग कसली, एकटाच. एका रात्री त्याच्या उशीखाली अर्धी पोळी सापडली. दिवसभर पोळ्या लाटणारी बाई मी, आणि माझ्याच पोरानं पोळी लपवावी? तुम्हाला फोन करून नुसती रडले. तुम्ही म्हणालात, "रागावू नका, काढूनही घेऊ नका. रोज झोपताना एक पोळी डब्यात घालून त्याच्या उशाशी ठेवा."

ठेवत गेले. आधी सकाळी डबा रिकामा असायचा. मग तसाच भरलेला राहू लागला. एक दिवस तोच डबा दप्तरात घालून तो शाळेत निघाला आणि दारातून ओरडला, "आई, भाजी नाही दिलीस!"

तुम्ही दर भेटीत उंबऱ्याशी बसायच्या, चहासुद्धा नको म्हणायच्या. "सरकारी भेट आहे." आता पाठपुरावा संपला, फाईल बंद झाली म्हणे. मग या की जेवायला. धाकटा विचारतोय, ताईंना किती पोळ्या लागतात?