पंचगंगेकाठचे पांढरे तुरे ‘पंपास’चे नव्हेत

प्रति,
माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

नवरात्राच्या तोंडावर आपल्या दैनिकाच्या पहिल्या पानावर पंचगंगेच्या काठी डोलणाऱ्या पांढऱ्या तुऱ्यांचे छायाचित्र प्रसिद्ध झाले. सकाळचे तिरपे ऊन तुऱ्यांच्या केसांतून आरपार आलेले त्यात नेमके टिपले होते आणि असे चित्र पहिल्या पानावर छापावेसे वाटले याबद्दल आपले आभारच मानले पाहिजेत. मात्र छायाचित्राखालच्या ओळीत या गवताचे नाव ‘पंपास’ असे दिले होते. ते गवत पंपास नाही. ते आपले काश गवत आहे, ज्याला कोणी कासही म्हणतात. एका नावाच्या चुकीसाठी एवढे मोठे पत्र कशाला, असे कोणाला वाटेल. पण ज्या जिल्ह्याचे सगळे अर्थकारण उसावर उभे आहे, त्या जिल्ह्यात तरी काशाचे नाव चुकू नये, असे मला वाटते. त्याचे कारण पुढे येईलच.

ही चूक एकट्या आपल्या दैनिकाची नाही. गेल्या काही वर्षांत लग्नाच्या स्टेजवर, फर्निचरच्या दुकानांत आणि कॅफेच्या कोपऱ्यांत वाळलेल्या, मलईच्या रंगाच्या मोठ्या तुऱ्यांचे गुच्छ दिसू लागले, ते ‘पंपास’ या नावाने विकले जाऊ लागले आणि मग पांढरा तुरा दिसला की तो पंपासच, अशी समजूत पसरली. शाळेत विज्ञान शिकवत असताना मी दर वर्षी घटस्थापनेच्या आसपास मुलांना नदीकाठी नेत असे. तेव्हा मुलांना या गवताचे नाव माहीत नसायचे, ते विचारायची. आता माझा नातूच मला ‘आजोबा, पंपास’ असे बोट दाखवून सांगतो. माहीत नसण्यापेक्षा हे जास्त अवघड प्रकरण आहे.

खरे पंपास, म्हणजे कॉर्टाडेरिया सेलोआना, हे दक्षिण अमेरिकेतले गवत. अर्जेंटिना, उरुग्वे आणि दक्षिण ब्राझील हा त्याचा मूळ प्रदेश आणि तिथल्या विस्तीर्ण मैदानांना जे पंपास म्हणतात, तेच नाव या गवताला चिकटले. कॉर्टाडेरिया या शब्दामागे ‘कापणे’ या अर्थाचा स्पॅनिश शब्द आहे, कारण याच्या पात्याची कड करवतीसारखी असते आणि उघड्या हाताने ओढली तर बोट चिरते. ओळखायची खूण सोपी आहे. पंपासची सगळी पाती बुडख्यातून निघून कारंज्यासारखी चोहोबाजूंनी खाली वळतात, त्या गोल ठोंबातून सरळ उंच दांडे वर येतात आणि त्यांच्या टोकाला भरगच्च, झुबकेदार तुरा असतो. काशाचे तसे नसते. त्याची काडी सडसडीत, पाती अरुंद, तुरा लांबट, विरळ आणि चंदेरी असतो. पंपासचा एकेक ठोंब सुटा उभा राहतो, तर काश जमिनीखालच्या आडव्या खोडांनी पसरत जाऊन काठच्या काठ व्यापतो. आपल्या छायाचित्रात नजर पोचेल तिथपर्यंत एकसलग तुरे आहेत. त्यावरूनच ते काश असल्याचे कळते.

काश हा पुराच्या पाण्याने आणून टाकलेल्या वाळूचा आणि गाळाचा रहिवासी. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती यांचे पाणी एकत्र होऊन पंचगंगा होते, त्या प्रयाग चिखलीपासून खाली नदीकाठाने चालत गेले की पावसाळा ओसरताना जिथे नवा गाळ बसलेला असतो तिथे तो हमखास भेटतो. त्याची आडवी खोडे आणि मुळे हा गाळ धरून ठेवतात. बंगालमध्ये हा तुरा दिसला की दुर्गापूजा जवळ आली असे समजतात. आपल्याकडे त्याच दिवसांत अंबाबाईचे नवरात्र असते, पण आपण त्या तुऱ्याशी कसलाच सण जोडलेला नाही. शेतात शिरला की मात्र हाच काश नकोसा होतो, कारण खोलवरच्या खोडाचा तुकडा राहिला तरी तो पुन्हा फुटतो. मध्य भारतात काशाने व्यापलेल्या जमिनी ट्रॅक्टरने खोल नांगरून लागवडीखाली आणण्याची मोठी मोहीम स्वातंत्र्यानंतर लगेच हाती घेण्यात आली होती आणि १९४९ मध्ये जागतिक बँकेने भारताला शेतीच्या यंत्रांसाठी दिलेले १ कोटी डॉलरचे कर्ज याच कामासाठी होते. एका गवतापायी देशाने कर्ज काढावे, ही गोष्ट मुलांना सांगितली की ती खदखदून हसत.

तुरेवाल्या उंच गवतांत आपल्याकडे काश एकटा नाही. तळ्याच्या आणि ओढ्याच्या उथळ पाण्यात उभा राहतो तो नळ, म्हणजे फ्रॅग्मायटीस कारका. त्याची काडी पोकळ आणि पेरांची असते, रुंद पाती काडीला वरपर्यंत लागलेली असतात आणि तुरा तपकिरी-जांभळट, सैल, एका बाजूला झुकलेला असतो. त्याच्यासारखाच, पण त्याहून दणकट आणि पाच-सहा मीटरपर्यंत जाणारा तो देवनळ, अरुंडो डोनॅक्स. आपल्या वरातीतल्या बँडमध्ये क्लॅरिनेट किंवा सॅक्सोफोन वाजतो, त्याच्या तोंडाशी असलेली पत्ती परंपरेने या देवनळाच्या काडीची करतात. आपल्या पुरालेखागारात जे मोडी कागद जपून ठेवले आहेत, ते लिहिणाऱ्या कारकुनांच्या हातातला बोरूही अशाच पोकळ काडीचा. उत्तरेकडचे मुंज गवत आपल्या नदीकाठी नसले तरी भाषेत मात्र पक्के रुजले आहे, कारण बटूच्या कमरेला त्या गवताची मेखला बांधतात म्हणून त्या संस्कारालाच आपण मुंज म्हणतो. आणि डबक्यात तपकिरी, गुळगुळीत, मेणबत्तीसारखे कणीस घेऊन उभे असते ते पाणकणीस तर गवतच नव्हे. त्याचे कूळ वेगळे आहे. तरी त्याचेही फोटो ‘पंपास’ म्हणून फिरताना मी पाहिले आहेत.

ज्याला खात्री करून घ्यायची असेल त्याने तुऱ्यातले एक बारीक कणसुले चिमटीत धरून साध्या भिंगाखाली पाहावे. काशाचे रेशमी केस कणसुल्याच्या बुडाशी, बाहेरून, झालरीसारखे असतात. नळाचे केस कणसुल्याच्या आतल्या दांडीवर असतात. देवनळाचे केस फुलाला झाकणाऱ्या तुसाच्या पाठीवर असतात. लांबून तिन्ही तुरे सारखेच पांढरे दिसतात, पण प्रत्येकाने केस वेगळ्या जागी ठेवले आहेत. आपल्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात गवतांचा अभ्यास अनेक वर्षे चालत आला आहे, तेव्हा शंका आली तर विचारायला फार लांब जावे लागत नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. कोल्हापूर जिल्ह्यातले सर्वांत मोठे तुरेवाले गवत नदीकाठी नाही, शेतात आहे, आणि ते म्हणजे ऊस. शेतकऱ्याला उसाचा तुरा आवडत नाही, हे सांगायला नको. दिवस लहान होत होत साडेबारा तासांच्या आसपास आला की पुरेशा वयाच्या उसाच्या शेंड्यात फुलोऱ्याची तयारी सुरू होते आणि पुढे थंडीत तुरा बाहेर पडतो. मग कांडीची वाढ थांबते, तोड लांबली तर दशी पडते, म्हणजे कांडी आतून पोकळ होते, आणि वजन घटते. त्याच तुऱ्यावर ऊस संशोधकाचे मात्र सगळे काम अवलंबून असते, कारण तुरा आला नाही तर दोन जातींचा संकर करता येत नाही. कोइमतूरला १९१२ मध्ये ऊस पैदास केंद्र सुरू झाले. तिथे बार्बर आणि वेंकटरामन या ऊस-संशोधकांनी जाड, गोड पण नाजूक अशा लागवडीच्या उसाचा संकर कोणाशी केला? त्याच परिसरात रानोमाळ उगवणाऱ्या काशाशी. त्या संकरातून निघालेली को २०५ ही जात १९१८ मध्ये शेतकऱ्यांच्या हाती आली. त्याच केंद्रावर पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माल यांनी ऊस आणि काश यांच्या गुणसूत्रांवर मोलाचे काम केले. आज आपल्या जिल्ह्यात ज्याला सगळे ‘शहाऐंशी बत्तीस’ म्हणतात तो को ८६०३२ कोइमतूरचाच, आणि आजच्या लागवडीच्या उसांत काशाचा वाटा साधारण १० ते २० टक्के धरला जातो. साखर जुन्या गोड उसाकडून आली. रोगाला तोंड देण्याची ताकद, काटकपणा आणि तोडणीनंतर पुन्हा जोमाने फुटण्याचा गुण प्रामुख्याने काशाकडून आला. खोडव्याचे पीक घेणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याच्या शेतात असा काशाचा अंश उभा आहे. २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला आपला गूळही त्याच उसाचा. त्याच काशाला आपण दूरदेशीच्या गवताचे नाव देतो, ही गोष्ट मला सलते.

नाव चुकण्याला व्यवहाराचीही एक बाजू आहे. पंपास जिथे जिथे शोभेसाठी नेले, तिथे अनेक ठिकाणी ते कुंपणाबाहेर पडले. त्याच्या एका तुऱ्यात एक लाखापर्यंत बी असू शकते आणि ते वाऱ्यावर दूर जाते. त्याचा जांभळट तुऱ्याचा अँडीज पर्वतातला भाऊबंद, कॉर्टाडेरिया जुबाटा, तर परागीकरणाशिवायच बी धरतो, म्हणजे एकच ठोंब पुरतो. कॅलिफोर्नियात दोन्ही उपद्रवी ठरले आहेत आणि न्यूझीलंडमध्ये त्यांची विक्री आणि लागवड करण्यास बंदी आहे. न्यूझीलंडची गोष्ट आपल्याशी फार जुळते. तिथे टोएटोए नावाचे स्थानिक तुरेवाले गवत आहे, ते पंपाससारखेच दिसते आणि लोक दोघांत गल्लत करून कधी परक्याला राखतात, कधी आपल्याला उपटतात. म्हणून तिथे लोकांना खुणा शिकवतात: पंपासची वाळलेली पाती बुडाशी रंध्याच्या सालपटांसारखी गुंडाळलेली असतात, टोएटोएची तशी नसतात. २०१० मध्ये शास्त्रज्ञांनी टोएटोएला पंपासच्या प्रजातीतून काढून ऑस्ट्रोडेरिया ही वेगळी प्रजातीच दिली. याउलट आपला काशही परक्या मुलुखात साधूसारखा वागत नाही, हेही सांगितले पाहिजे. पनामा कालव्याच्या पाणलोटातल्या तोडलेल्या जंगलांच्या जागी तो असा माजला आहे की तिथे झाडे पुन्हा उगवणे कठीण झाले आहे. गवत चांगले की वाईट हे ते कुठे उभे आहे यावर ठरते, आणि ते ठरवण्याआधी ते कोणते आहे हे कळावे लागते.

मागच्या हिवाळ्यात शहराबाहेरच्या एका रोपवाटिकेत ‘पंपास’ अशी पाटी लावलेली रोपे मला दिसली. विक्रेत्याला विचारले तर त्याला वेगळे काही सांगता येईना. माझ्या समजुतीप्रमाणे ती आफ्रिकेतून आलेल्या, रस्त्याच्या दुभाजकांत लावतात त्या जांभळट कोल्ह्याच्या शेपटीसारख्या गवताची होती. चूक इथे निरुपद्रवी ठरली, पण उद्या खरे पंपास त्याच पाटीखाली येऊन एखाद्या फार्महाउसच्या कुंपणाला लागले, तर ते ओळखणार कोण? आणि उलट, नदीकाठ ‘सुशोभित’ करताना काठ धरून ठेवणारा काश रानटी म्हणून उपटून त्या जागी विकत आणलेले तुरे लावण्याची कल्पना कोणाच्या डोक्यात येणारच नाही, असेही नाही. वाळलेले तुरे सजावटीसाठी आणणाऱ्यांनी ते काम झाल्यावर उघड्यावर टाकू नयेत, एवढी खबरदारी तरी आतापासून घेता येईल.

आपणास विनंती एवढीच, की त्या छायाचित्राबाबत ‘छायाचित्रातील गवत पंपास नसून काश आहे’ अशी एक ओळ दुरुस्ती म्हणून छापावी. आणि थंडीत करवीर किंवा कागलच्या शिवारात उसाला तुरे आले, की त्यांचेही असेच एखादे छायाचित्र घ्यावे. काशाच्या छायाचित्राशेजारी ते छापले तर दोघांचे नाते वाचकांना न सांगताही दिसेल.

आपला नम्र,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक,
शिवाजी पेठ, कोल्हापूर