खाचरातील मासे आणि वरच्या खाचरातील पाणी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

भातखाचरात मासे सोडले की उत्पन्न दुप्पट होते, असे ठासून सांगणारा लेख आपल्या कालच्या अंकात वाचला. लेखकांनी भाताचे उत्पन्न मांडले, त्याखाली माशांचे मांडले, दोहोंची बेरीज केली आणि एवढी सोपी गोष्ट शेतकऱ्याला उमगत नाही याबद्दल हळहळ व्यक्त केली. त्यांची बेरीज बिनचूक आहे. लेखात वजाबाकी कुठेच नाही, एवढीच माझी तक्रार आहे.

ऊन तापले किंवा पाणी उतरले की माशांना आसरा लागतो, म्हणून खाचराच्या कडेने किंवा मधोमध खोल चर खणावा लागतो. त्यात साधारणतः क्षेत्राचा दहावा हिस्सा जातो आणि तेवढ्या जागेत भात लागत नाही. बांध उंच आणि रुंद करावे लागतात. पाणी आत येते आणि बाहेर जाते त्या दोन्ही तोंडांना जाळी बसवावी लागते, आणि ती काडीकचऱ्याने तुंबते ती नेमकी मुसळधार पावसात. लावणी झाल्यावर रोपांनी मूळ धरेपर्यंत बोटुकली (बोटभर लांबीची माशांची पिल्ले) सोडता येत नाही आणि भात पिकला की पाणी काढावेच लागते. त्यामुळे माशाला वाढायला जेमतेम तीन-चार महिने मिळतात. बाहेरून खाद्य घातले नाही तर हेक्टरी निघणारे मासे शेकड्यातील किलोंनी मोजायचे असतात, टनांनी नव्हे. बगळे, पाणसाप आणि रात्री येणारे दोन पायांचे पाहुणे यांच्यापासून राखण करणाऱ्याची मजुरी तर कोणत्याच हिशेबात येत नाही, कारण ते काम घरातलेच कोणीतरी करते. (लेखासोबतच्या छायाचित्रातील, दोन्ही हातांत न मावणारा तो मासा बारमाही तळ्यात वाढलेला आहे, हे खाचरात उतरलेल्या कोणालाही विचारले असते तरी कळले असते.)

हे सगळे खर्च गृहीत धरून आम्ही मासे सोडले होते. तण कमी झाले, खतही थोडे कमी लागले, हे प्रामाणिकपणे नोंदवतो. भात निसवण्याच्या (लोंब्या बाहेर पडण्याच्या) सुमारास वरच्या खाचरात किडीसाठी सिंथेटिक पायरेथ्रॉइड गटातील औषधाची फवारणी झाली, त्याच रात्री पाऊस पडला आणि सकाळी आमच्या चरात मासे उलटे तरंगत होते. हा गट माशांना अतिशय विषारी असतो, हे औषधाच्या वेष्टनावर बारीक अक्षरांत छापलेले असते. मात्र आपण खाली मासे सोडले आहेत, हे वरच्या शेतकऱ्याच्या वेष्टनावर छापलेले नसते. त्याने सांगितलेल्या वेळी, सांगितलेल्या प्रमाणात फवारले. त्याला दोष कोणत्या तोंडाने द्यावा? विम्याची चौकशी केली तेव्हा संबंधित अधिकाऱ्यांनी अत्यंत सौजन्याने समजावले की विमा भाताचा आहे, भाताचे काहीही नुकसान झालेले नाही, उलट पीक उत्तम दिसते आहे. त्या अभिनंदनाबद्दल मी त्यांचा आजही ऋणी आहे.

चीनच्या झेजियांग प्रांतातील चिंगत्यानचा दाखला लेखकांनी दिला आहे. तेथील अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्यातील निष्कर्ष खरा आहे: मासे असलेल्या खाचरात भाताचे उत्पादन इतर खाचरांइतकेच राहिले आणि कीटकनाशक 68 टक्क्यांनी, रासायनिक खत 24 टक्क्यांनी कमी लागले. म्हणजे या पद्धतीतील खरा फायदा माशांच्या वजनाइतकाच न केलेल्या खर्चातही आहे. परंतु तेथे ही पद्धत हजार वर्षांहून जुनी आहे, साऱ्या परिसराची आहे, आणि 2005 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने तिची जागतिक कृषी वारसा म्हणून दखल घेतली ती त्यामुळेच. पाणी एका खाचरातून दुसऱ्यात उतरत जाते तेथे एकट्याने विष थांबवून भागत नाही. फवारण्यांनी तपकिरी तुडतुड्यांना खाणारे मित्रकीटकच मेले आणि रस शोषणाऱ्या या किडीने भात बुडवला, तेव्हा इंडोनेशियाने 1986 मध्ये भातावरील 57 कीटकनाशकांवर बंदी घातली आणि पुढे कीटकनाशकांवरील अनुदानही काढून घेतले. त्या निर्णयाचा उल्लेख लेखात एका ओळीचाही नाही. शेतकऱ्याच्या 'मानसिकतेवर' मात्र दोन परिच्छेद आहेत.

शिवाय दोन्ही उत्पन्ने शेजारी शेजारी शहाण्यासारखी नांदतात, हेही गृहीतच आहे. केरळातील पोक्काळी शेतीत पावसाळ्यात क्षार सोसणारा भात आणि नंतर त्याच शेतात, त्याच भाताच्या कुजलेल्या धसकटांवर पोसली जाणारी कोळंबी, अशी सुरेख सांगड आहे. मात्र पैसा कोळंबीत आहे, आणि भाताची कापणी चिखलात उतरून हाताने करावी लागते. त्यामुळे अनेक शेतांतून भातच निघून गेला. एक उत्पन्न दुसऱ्याला गिळते, तेव्हा लेखकांची बेरीज कोणत्या रकान्यात मांडायची?

जाता जाता आणखी एक. पाणी भरलेल्या खाचरातून निघणारा, पृथ्वीचे तापमान वाढवणारा मिथेन वायू कमी व्हावा म्हणून खाचर आलटून पालटून सुकवावे, पाणी जमिनीखाली 15 सेंटिमीटरपर्यंत उतरू द्यावे आणि मगच पुन्हा भरावे, असा सल्ला देणारा लेख आपण मागेच छापला होता. तोही शाश्वत शेतीचाच होता आणि सल्ला योग्यच होता. काल त्याच शाश्वततेसाठी खाचर सतत भरलेले ठेवण्यास आपण सांगितले आहे. चर पुरेसा खोल असेल तर थोडी तडजोड होते, परंतु मासे निम्मा हंगाम चरात दाटीने काढणार असतील, तर तण आणि किडी खायला खाचरात फिरणार कोण, याचा खुलासा दोन्ही लेखकांनी एकत्र बसून करावा.

माझी विनंती एवढीच आहे की हे गणित आपण पुन्हा छापावे आणि त्यात चराखाली गेलेली जमीन, घरच्या माणसांची मजुरी, राखण आणि मासे मेल्यास भरपाई कोण देणार, हे रकाने घालावेत. शेवटचा रकाना कोरा राहिला तर तो तसाच कोरा छापावा.

आपला,
एक भात उत्पादक वाचक